दोन तासांनंतरचा आकडा

जेवणानंतर दोन तासांनी शर्वरीनं बोट टोचलं. मशीनवर १६४ आलं. गरोदरपणातला मधुमेह, सातवा महिना. सोमवारपर्यंत साखर एकशेवीसच्या आत आली नाही, तर डॉक्टर इन्सुलिन सुरू करणार होत्या.

"पुन्हा चोरून खाल्लंस?" सासूबाई कडाडल्या. मिठाईच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती, तरीही.

दुसऱ्या दिवशी शर्वरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर सासूबाई आमटीत गुळाचा खडा टाकत होत्या.

"आई, गूळ?"

"मग? गुळाशिवाय आमटी म्हणजे डाळीचं पाणी. चवीपुरता घालतात, त्याला गोड म्हणत नाहीत."

"आणि भाजीत?"

"भाजीतही. कोशिंबिरीत साखर. तुझ्या माहेरी नुसतं तिखटच ओतत असतील!"

महिनाभर चोर ठरलेल्या शर्वरीनं पातेलं मोरीत उपडं केलं आणि बिनगुळाची आमटी स्वतः करून जेवली. दोन तासांनी मशीन सासूबाईंच्या नाकासमोर धरलं. १०८.

सासूबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला. "मशीन तुझ्या वडिलांनी आणलंय ना? ते तुझ्याच बाजूनं बोलणार."

"मग बोट द्या, आई. बघू, तुमच्याबद्दल काय बोलतं."

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.