विझलेले ठिपके

प्रयोगशाळेत काल मी ताईच्या पांढऱ्या रक्तपेशींवर क्ष-किरण सोडले. डीएनए जिथे तुटला, तिथे हिरवे ठिपके उजळले. प्रथिनांनी तो सांधला, की ठिपका विझतो. आईच्या पेशींत ते कधी विझलेच नाहीत. त्याच दोषाने ती गेली. तो ताईमध्येही उतरला होता का? आज तिने स्वतःच सूक्ष्मदर्शकात डोकावलं. “काल तू दाखवलंस तेव्हा नुसतं चांदणं सांडलं होतं रे. आज काळोख. यंत्र बिघडलं की काय तुझं?” मी स्वतः भिंगातून एकेक पेशी तपासली. “बोल ना, मुखदुर्बळा!” तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. “ताई, सगळं सांधलं गेलंय. एकूण एक.” “कुणी सांधलं?” “तुझ्याच प्रथिनांनी. तुझ्यापासून दूर, काचेच्या बशीत, कुणीही न सांगता.” ती पुन्हा भिंगाशी वाकली. “अगं बाई,” त्या काळोखाला ती हळूच म्हणाली, “आणि मी तुम्हाला ओळखतही नव्हते.”