पोटाची साथ

ॲम्ब्युलन्स स्टेशनच्या किचनमधल्या नळाला पिवळी टेप गुंडाळली होती. वर कागद चिकटवलेला: ‘तपासणी चालू आहे. हे पाणी पिऊ नये.’ समोरच्या टेबलाशी योएल पेणकर ईशिताचा फॉर्म घेऊन बसले होते. ॲम्ब्युलन्सवरचं कुणीही आजारपणाच्या रजेवरून परतलं, की गाडीत चढण्याआधी टीम लीडरसमोर असं दहा मिनिटं बसावं लागे.

“किती दिवस होतीस घरी?”

“तीन. माझा पोट आता ओके आहे, अंकल.”

एरवी त्यांनी लगेच ‘माझं पोट’ म्हणून सुधारलं असतं. योएल तेराव्या वर्षी ठाण्याहून लंडनला आले. घरी मराठी बोलायला आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून लंडनमध्येच वाढलेली ईशिता स्टेशनवर आल्यापासून ते तिला शिकवत. एकच चूक पन्नासदा सुधारत, पण आवाज चढू देत नसत. आज ते नुसतं ‘बरं’ म्हणाले.

ईशिताला सही हवी होती. पुढच्या आठवड्यात हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सच्या टीमचा इंटरव्ह्यू होता. कारणाच्या चौकटीत तिनं पोट बिघडल्याचं लिहिलं होतं. उलट्या-जुलाब थांबल्यावर अठ्ठेचाळीस तास कामावर यायचं नाही, असा नियम होता, आणि त्या अठ्ठेचाळीस तासांत कुणी काही विचारत नसे. स्टेशनवर हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“या वर्षातली तिसरी रजा,” योएल म्हणाले. “तिसरीला एचआरची मीटिंग आणि लेखी वॉर्निंग.”

“आय नो. वॉर्निंग असली तरी इंटरव्ह्यू देता येतो. मी विचारलंय.”

“कामामुळे मनाला त्रास झाला असं लिहिलं, तर ती रजा मोजतच नाहीत. सहा वेळा काउन्सेलरकडे जाता येतं. अजून रजा लागली तर तीही मिळते.”

“आणि मग हेलिकॉप्टरवाले वाचणार, हिला स्ट्रेस होतो. नको. पोटच राहू दे.”

योएलनी सही केली नाही. फॉर्म बाजूला ठेवून त्यांनी एक यादी तिच्यापुढे सरकवली. सहा महिन्यांत या एका स्टेशनवर अकरा जणांची पोटं बिघडली, म्हणून ऑफिसनं नर्स पाठवली होती. नळ, फ्रिज, मायक्रोवेव्ह, सगळ्यांचे नमुने घेऊन ती ही यादी ठेवून गेली होती. नाव, तारीख, काय खाल्लं होतं.

“बिचारी केटलमध्येसुद्धा टॉर्च मारून बघत होती,” योएल म्हणाले. “तू पेन्सिलीनं लिहिलेलं वाच. ते माझं आहे. रजेआधीचा कॉल.”

अजय, एग सँडविच. पुढे पेन्सिलीनं: मोटरवे, मिनीबस. टालिया, कबाब. पुढे: शाळेतली मुलगी. तिच्या स्वतःच्या नावापुढे चिकन रॅप, आणि पेन्सिलीनं दोन शब्द: एजवेअर, बाळ.

ईशितानं त्या दोन शब्दांवर अंगठा ठेवला.

“त्यानंतर लगेच कंट्रोल रूमनं विचारलं, पुढचा कॉल घेणार का,” ती म्हणाली. “मी येस म्हटलं. एक आजोबा होते. नाकातून रक्त येत होता. मी त्यांचा नाक धरून उभी होते आणि ते मला सांगत होते, रडू नकोस, मला काही होत नाहीये.”

ती खाली बघत राहिली, आणि बघता बघता यादीच्या शेवटच्या ओळीशी आली. तिथे पेन्सिलीची जागा कोरी होती.

योएल पेणकर. चौदा मार्च. कोळंबीची करी.

तिनं पुन्हा वाचलं. दिवाळीला ते घरी जेवायला आले होते, तेव्हा आईनं मुद्दाम कोळंबी केली होती. ‘वहिनी, आम्हा ज्यू लोकांना ती चालत नाही हो,’ म्हणून ते वरण-भात जेवले होते. आईला अजून त्याची चुटपुट होती.

“अंकल, तुम्ही कोळंबी खात नाही.”

“जन्मात खाल्ली नाही.”

“मग?”

“घाईत सुचली ती लिहिली. एकवीस वर्षं आहे मी इथं. मी काय खातो नि काय नाही, सगळ्यांना माहीत आहे. तरी कुणालाच खटकलं नाही.”

“चौदा मार्चला काय होतं?”

“कॅनॉल. दोघं भाऊ. धाकटा माझ्याकडे होता.”

ते उठले. नळाची टेप त्यांनी नखानं सोडवली, नीट घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि दोन मग भरून आणले.

“रिपोर्ट आला नाहीये अजून,” ईशिता म्हणाली.

“पाण्याला काही झालेलं नाही,” म्हणत त्यांनी आपला मग रिकामा केला.

ईशिताही प्यायली. मग तिनं फॉर्म ओढून घेतला, आधीचं कारण एका रेघेनं खोडलं, आणि योएलच्या पेन्सिलीतले ते दोन शब्द चौकटीत पेननं उतरवले. योएलनी खाली सही केली.

ती उठली नाही.

“अजून एक फॉर्म आहे का, अंकल?”

“का, चुकला?”

“माझा नाही,” ती म्हणाली, आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.