ऊब गेली कुठून?

निवृत्त विज्ञानशिक्षकांना चुकीचं बोललेलं अजिबात खपत नसे, मग बोलणारी सख्खी बायको का असेना. ती लेकीकडे जाऊन आठवडा झाला होता. आज फोनवर तिनं काळजीनं विचारलं, "अहो, घरात फार थंडी शिरलीय का?"

"थंडी शिरत नसते. किती वर्षं सांगतोय तुला? घरातली ऊब बाहेर जाते."

"पण जाईल कुठून? खिडक्यांच्या सगळ्या फटींत तर तुम्ही माझे लोकरीचे मोजे कोंबून ठेवलेत."

सरांनी निवलेला चहा बाजूला सारला आणि घसा खाकरला.

"पुढच्या दारानं गेली. मागच्या सोमवारी, दहाच्या गाडीनं. जाताना दारसुद्धा नीट ओढून घेतलं नाही."