चाक दादाकडं, पाती नाथाकडं

सावळीराम आणि नाथा या दोघा भावांनी बैलांचा कडबा बारीक करायला भागीत कुट्टीमशीन घेतलं. गावातलं पहिलंच. पण तेलपाण्याचं नाव काढलं की सावळीराम म्हणे, "नाथा बघंल," आणि नाथा म्हणे, "दादा बघंल." चाक गंजलं, पाती बोथट झाली, मशीन कडबा कापायच्या ऐवजी नुसतं चेचायला लागलं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. मशीन माझ्याच ओट्यावर पाहिजे म्हणून दोघांची जुंपली.

"भांडता कशाला? खोला ते," त्यांची आई कुसाबाई म्हणाली. "चाक सावळीरामाकडं, पाती नाथाकडं. अन् देवापुढं मळकं ठेवलं तर बघा!"

सावळीरामानं विटेच्या भुकटीनं चाक लख्ख घासलं, तेलानं माखलं. नाथानं पात्यांना अशी धार लावली, की कुंकू लावताना त्याचंच बोट कापलं.

दसरा झाल्यावर मशीन जोडलं, तर कडबा काकडीसारखा कापला जायला लागला.

"आई, लय झकास चालतंय गं!" नाथा ओरडला.

"चालंल नाय तर काय," कुसाबाई म्हणाली. "आता दर अवसेला पूजा मांडायची."