आबारावांचं एक वाक्य

‘काकू, पुढं सरकून बसा. आता काकांचा सीन येऊन राह्यला,’ ओमप्रकाश म्हणाला आणि कडूबाईनं डोक्यावरचा पदर कानामागं घेतला. ती काही बघायला आली नव्हती, ऐकायला आली होती. नवऱ्याचा, आबारावांचा, फोटो तिच्या घरात होता, आधार कार्डावरून मोठा केलेला. आवाज मात्र कुठंच नव्हता. बटणाच्या मोबाइलवर माणूस कितीही बोलला तरी मागं काही उरत नाही.

आबारावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर त्यांचा आवाज तिच्या कानात होता. मग तो कधी गेला, तिला कळलंच नाही. एकदा ज्वारी निवडता निवडता तिनं मनातल्या मनात त्यांना बोलायला लावून पाहिलं. ओठ त्यांचे हलले, आवाज टीव्हीवरच्या कुण्या नटाचा निघाला. त्या दिवशी ती जी घाबरली ती घाबरलीच. रोज संध्याकाळी तो हसायचा कार्यक्रम लावते, त्याचंच हे फळ, असं तिनं ठरवून टाकलं. तसा तिला त्या कार्यक्रमाचा रागच होता. बाप्ये लुगडी नेसून नाचतात, आणि विनोद व्हायच्या आधीच पाठीमागची माणसं हसून मोकळी होतात. कडूबाईला एकदासुद्धा हसू आलं नव्हतं. पण घरात चार माणसांचा गलका व्हायचा, त्यावर भाकर घशाखाली उतरायची. बंद केला की भिंती अंगावर यायच्या.

तीन वर्षांमागं मुंबईची माणसं धावड्याच्या डोंगरात शूटिंगला आली होती. शेरडं राखणारा खरा माणूस पाहिजे म्हणून त्यांनी आबारावांना धरलं आणि एक वाक्य दिलं, ‘पाऊस यायचा तेव्हा येईल, तू निघ.’ दोन दिवस तो माणूस हेच वाक्य शेरडांना ऐकवत हिंडला. आता त्या सिनेमाचं नाव कुठल्याशा मोठ्या बक्षिसाच्या यादीत आलं होतं. शेजारच्या ओमप्रकाशनं तो आपल्या टीव्हीवर लावला, आणि त्याच्या बायकोनं, रेणुकानं, आधी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

‘मिळालं का बक्षीस?’ कडूबाईनं विचारलं होतं.

‘अजून न्हाई, काकू. नॉमिनेशन हाय. यादीत नाव आलंय नुसतं.’

‘मंग पेढे लई जल्दी वाटले बाई तुम्ही.’

सिनेमा सुरू होऊन तास झाला, तरी काही घडायचं नाव नव्हतं. एक बाई घागर घेऊन डोंगर चढत होती, चढतच होती. हे तर आपण जन्मभर केलं, कडूबाईला वाटलं, आपलं नाव कुठल्या यादीत आलं नाही ते. पण बाईच्या टाचांच्या भेगा खऱ्या होत्या, एवढं तिनं मान्य केलं. त्या हसायच्या कार्यक्रमापेक्षा हे बरं होतं. इथं कुणी उगंच हसत नव्हतं.

मग आबाराव आले. तोच फेटा, खांद्यावर तीच घोंगडी. काठीला टेकून उभे राहिले, दाढी खाजवली आणि बोलले, ‘पाऊस यायचा तेव्हा येईल. तू निघ.’

रेणुकानं टाळ्या वाजवल्या. कडूबाईनं कान आणखी पुढं केला. आवाज भरदार होता, गुळगुळीत होता, आणि तिच्या ओळखीचा नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याचा आवाज तिला परका लागला. म्हणजे आपण त्यांना विसरलो, बिलकुल विसरलो. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की वर बघवेना.

‘बराबर काकांवाणी बोलले ना?’ रेणुकानं विचारलं.

‘बराबर,’ कडूबाई म्हणाली.

ओमप्रकाश हसला. शूटिंगच्या वेळी लाइट उचलायला तो तिथंच होता. ‘काकांचा आवाज कुठं तो. त्या टायमाला खाली ट्रॅक्टर चालू व्हता. मंग मुंबईला दुसऱ्याच माणसाकडून वाक्य म्हणवून घेतलं. सिनेमात असंच करत्यात, काकू.’

कडूबाईनं मान वर केली. आपण विसरलो नव्हतो तर. पण घटकाभरानं दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. हा त्यांचा नाही, तर मग त्यांचा कसा होता? तिनं पुष्कळ आठवून पाहिलं. काही म्हणता काही येईना. आता विचारायचं तरी कुणाला? तिला उठून घरी जावंसं वाटलं. पण दुसऱ्याच्या घरातून असं अर्ध्यात उठणं बरं दिसत नाही, म्हणून ती नुसती पडद्याकडं तोंड करून बसून राहिली.

शेवटी नुसता डोंगर होता. कलती उन्हं, चढावर शेरडं, आणि त्यांच्या मागं करंगळीएवढा माणूस. त्यावर पाटी आली, नावं वर सरकू लागली. ‘संपला,’ म्हणत ओमप्रकाशनं रिमोट घेतला. तेवढ्यात डोंगरावरून, लांबून, फाटक्या घोगऱ्या आवाजात हाक आली, ‘अगंऽऽ ए, पाणी आऽऽण.’ हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या दिवशी शूटिंगवाल्यांनी आबारावांना दुपारपासून चढ-उतार करायला लावला होता.

‘आता हे कोण बोललं?’ रेणुकानं विचारलं.

कडूबाई तोवर उठली होती. ‘आले, आले,’ म्हणत तिनं रेणुकाच्या माठातून तांब्या भरून घेतला, आणि पायात चप्पल न घालताच दाराबाहेर पडली.