सात नंबरचा पट्टा

"एक नंबर बाईंचा," मोजणीवाली म्हणाली, पट्ट्यांची पिशवी तिने टेबलावर उपडी केली आणि खुर्चीत बसली. म्हाताऱ्यांचे व्यायामवर्ग तपासत ती फिरत होती; या आठवड्यातला तिचा हा पाचवा हॉल होता, आणि बोलण्यावरून ते कळत होतं.

प्रत्येक पट्ट्यावर काडेपेटीएवढं यंत्र होतं. ते कमरेला बांधून उड्या मारल्या की पाय जमिनीवर टेकताना अंगाला किती हादरा बसतो, ते टिपलं जायचं. म्हातारपणी हाडांना असे हादरे लागतात, नाहीतर ती पोकळ होत जातात, असं तिने पाठ केल्यासारखं सांगितलं. चौदा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग ती मुद्द्यावर आली. वर्ग चालवायचा की नाही, हे शिकवणाऱ्या बाईंच्या हादऱ्यावरून ठरणार होतं. तो पुरेसा भरला तर सगळं आहे तसं चालू. नाही भरला तर बाईंना रजा, भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर बघून ज्याने त्याने आपापले हातपाय हलवायचे.

बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या आणि उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. तेव्हापासून त्या खणखणीत आवाजात "उडी" म्हणत, दोन्ही हात झपकन डोक्यावर नेत, टाचा उचलत, आणि चवडे मात्र जमिनीवरच ठेवत. हात वर गेले की लोक पायांकडे बघत नाहीत, हे धंद्यातलं ज्ञान. त्याच्या जोरावर वेळ मारून नेली होती. आता थकवा आला होता, रोज सकाळी उठणं जिवावर यायचं, पण कायमचं घरी बसायचं म्हटलं की त्याहून जास्त भीती वाटायची. यंत्राला हात दिसत नव्हते.

पट्टे बांधायचं काम टेलरकाकांनी आपणहून घेतलं. वय शहाहत्तर. उभा जन्म लोकांच्या कमरा मापण्यात गेलेला, तेव्हा मोजणीवालीलाही बरंच वाटलं. कोणाला घट्ट, कोणाला सैल करत ते रांगेने आले आणि शेवटी बाईंपाशी वाकले. बाईंनी सहज खाली पाहिलं. पट्ट्यावर सात लिहिलं होतं. सात हा काकांचा स्वतःचा नंबर होता. बाईंचा एक नंबर त्यांनी केव्हाच आपल्या कमरेला बांधून वर शर्ट ओढला होता.

बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, हे काय चालवलंय.

"कपडा कुठे हलतो आणि कुठे हलत नाही, ते टेलरला दिसतं, बाई," बक्कल लावत काका पुटपुटले. "दोन वर्षं बघतोय. तुम्ही नुसतं ओरडा. उड्यांचं मी बघतो."

नाही म्हणायला हवं होतं. बाईंनी टी-शर्ट पट्ट्यावर खाली ओढला आणि गाणं लावलं.

काका जे सुटले ते थांबेचनात. पहिल्या गाण्याला मागच्या रांगेतल्या बायका हसल्या, म्हणाल्या काकांच्या अंगात आज कोण आलंय. दुसऱ्या गाण्याला कोणी हसलं नाही. तिसऱ्याला त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, तोंड लालबुंद झालं, तरी प्रत्येक "उडी" सरशी ते दोन्ही पायांनी दणकन खाली येत होते. बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, पुरे. काका तिकडे बघतच नव्हते. बाईंना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि तरी त्या ओरडत राहिल्या.

गाणं संपलं. पट्टे कमरेलाच होते, आकडे मोजणीवालीच्या स्क्रीनवर आपोआप उतरले. तिने प्रथमच मान वर करून बाईंकडे नीट पाहिलं. या वयात असा हादरा तिने अजून कुठे पाहिला नव्हता. वर्ग चालू राहील, ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका भिंतीला टेकून धापा टाकत हसत होते.

"सात नंबर कोण?" मोजणीवालीने विचारलं.

काकांनी हात वर केला.

"आजोबा, तुमचे पाय जमिनीवरून सुटतच नाहीत. असे लोक उभ्या वर्गात पडतात, नंतर निस्तरायला आम्ही. उद्यापासून तुम्ही यायचं नाही. घरी खुर्चीत बसून करायच्या व्यायामाचा कागद देते."

बाईंच्या वर्गाचा हिशोब दोघांनीही केला होता. सात नंबरच्या माणसाचं काय होईल, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. शिलाई मशीन विकल्यापासून हा एक तास सोडला तर काकांना दिवसभरात कुठेच जायचं नसे, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. काकांचं हसू मावळलं. मग त्यांनी घाम पुसला आणि कागदासाठी हात पुढे केला. "द्या," ते म्हणाले. "तसंही हल्ली झेपत नाहीच."

कागद मध्येच बाईंनी घेतला. कोपऱ्यातली एक खुर्ची त्यांनी फरफटत वर्गासमोर आणली आणि तिच्यावर बसल्या. टी-शर्टाची कड वर करून पट्ट्यावरचा आकडा दाखवला.

"सात नंबर मी आहे."

मोजणीवालीचं बोट स्क्रीनवर तसंच थांबलं. काका काहीतरी सावरून घ्यायला पुढे आले, तर बाईंनी त्यांना हातानेच बसा म्हटलं. मग त्यांनी उजवा पाय सावकाश लांब केला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हातांनी गुडघा चोळायला लागल्या.