आजीच्या मागे

तेराव्याच्या पंगतीत दुखवटा संपला म्हणून थोरल्या काकांनी आईच्या ताटात जिलेबी वाढली आणि म्हणाले, "मालन, आजपासून आमच्या आईची जागा तुझी. अण्णांचं आता तूच बघायचं."

अण्णा म्हणजे आजीचे बिनलग्नाचे दीर. लकवा मारल्यापासून आतल्या खोलीत पडून आहेत.

"आईनं कधी कुरकुर केली का? गात गात केलं सगळं," आत्या डोळे टिपत म्हणाली.

गायची, खरंय. दत्ताचं भजन म्हणतच आजी अण्णांची कूस बदलायची. त्यांना उचलताना कंबरेत कळ आली की सूर चढवायची, म्हणजे कण्हणं कुणाला ऐकू जाऊ नये. सणापुरते येणारे हेच लोक म्हणायचे, काय गळा आहे! ती म्हणायची, दत्त बघतोय. बघणारा तेवढा तोच होता, आणि माझी आई.

दमलेल्या आईनं ताट बाजूला सारलं. "भाऊजी, आईंचं भजन मी चालवीन. अण्णांना तुम्ही न्या."

"अगं, आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर!"

"लिफ्ट आहे की. वास्तुशांतीला मी तिनंच वर आले होते."

तेवढ्यात आतून अण्णांनी हाक मारली. सवयीनं सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि आजीचं भजन म्हणू लागली.

दुसऱ्या कडव्याला काका उठले आणि आतल्या खोलीत गेले.